उत्तेजनार्थ

मराठी शाळांतल्या वक्तृत्व किंवा निबंध स्पर्धेचा निकाल ठरलेल्या क्रमाने वाचला जातो: प्रथम, द्वितीय, तृतीय आणि शेवटी उत्तेजनार्थ. टाळ्या तोवर विरळ झालेल्या असतात. हे शेवटचे बक्षीस मिळालेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ठिपक्यांच्या ओळीवर त्याचे नाव, इयत्ता आणि पुढे ‘उत्तेजनार्थ पारितोषिक’ एवढेच लिहिलेले असते. घरी गेल्यावर ‘कितवा आलास?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर त्या कागदावर सापडत नाही, कारण हा शब्द क्रमांक सांगतच नाही. इंग्रजीत याच बक्षिसाला सांत्वनाचे बक्षीस म्हणतात. हरलास, वाईट वाटून घेऊ नकोस, हे घे आणि शांत हो, असा त्यातला भाव. मराठीने सांत्वन हा शब्द दुःखाच्या घरी भेटायला जाण्यासाठी राखला आणि स्पर्धेत मागे राहिलेल्या मुलासाठी दुसराच योजला. ‘उत्तेजनार्थ’ म्हणजे उत्तेजनासाठी. त्यातले ‘अर्थ’ हे पद झाल्या गोष्टीकडे पाठ फिरवून पुढे व्हायच्या गोष्टीकडे बोट दाखवते. पुढील पानांत उत्तेजन, प्रोत्साहन, धीर, उभारी, हिंमत, शाबासकी या शब्दांची कुळे एकेक करून येतील. त्याआधी मला एकच म्हणणे मांडायचे आहे. दुसऱ्याला बळ देण्याचे आपल्या भाषेतले जे मुख्य शब्द आहेत, ते धार येण्याच्या, सोसण्याच्या, धरून राहण्याच्या मुळांतून आलेले आहेत. माणसाने काय करून दाखवले यापेक्षा त्याला पुढे काय पेलायचे आहे, इकडे त्यांचे लक्ष आहे. हे केवळ कोशातले सत्य नाही. खानदेशात, त्यातही अमळनेरात, गेल्या शतकात या शब्दांचा अर्थ प्रत्यक्ष कामातून दिसला, आणि म्हणून ही प्रस्तावना त्या गावाच्या आधाराने लिहिली आहे.

‘उत्तेजन’ शब्दाची फोड सोपी आहे. उद् हा उपसर्ग, तिज् हा धातू. धातुपाठात तिज् चा अर्थ ‘निशान’ असा दिला आहे, आणि निशान म्हणजे धार लावणे, पाजवणे. शस्त्र पाजवणे, घासून लकाकी आणणे हे अर्थ संस्कृत कोशांनी उत्तेजन शब्दाखालीही नोंदवले आहेत. तीक्ष्ण याच धातूचा, तिग्म याचाच आणि तेजही याचेच. तेज म्हटले की आज आपल्यासमोर प्रकाश येतो; जुना अर्थ मात्र शस्त्राची धार, ज्वाळेचे टोक असा होता. विळा निसण्यावर धरला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. निसणा विळ्यात नवे लोखंड घालत नाही. उलट जे आहे त्यातलेच थोडे काढतो, आणि तेवढ्याने विळा कापू लागतो. घासताना दोघेही झिजतात, विळाही आणि निसणाही. उत्तेजन देणाऱ्याने दुसऱ्यात काही ओतायचे नसते, त्याच्यात जे आहे त्याला धार आणायची असते, हा अर्थ शब्दाच्या घडणीतच आहे. याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. याच तिज् धातूला ‘सन्’ प्रत्यय लागून ‘तितिक्षा’ शब्द होतो, आणि हा प्रत्यय इथे क्षमा म्हणजे सोसणे याच अर्थी लागतो असे वैयाकरणांनी सांगून ठेवले आहे. म्हणजे एकाच धातूची एक शाखा धारेकडे गेली आणि दुसरी सहनशीलतेकडे. वरवर पाहता या दोहोंचे जमत नाही. धारदार माणूस सोशीक नसतो असेच आपण धरून चालतो. पण घर्षण सोसल्याशिवाय धार येत नाही, हे ज्याने काही शिकले वा शिकवले आहे त्याला नव्याने सांगावे लागणार नाही.

‘प्रोत्साहन’ हा शब्द आज उत्तेजनापेक्षा अधिक चालतो. त्याच्या मुळाशी सह् धातू आहे. सहन, सहिष्णू, दुःसह, उत्साह हे सगळे त्याच घरचे. इथे एक आक्षेप रास्त आहे: वेदांत सह् चा ठळक अर्थ मात करणे, जिंकणे असा आहे, सोसणे हा अर्थ पुढे बळावला, मग प्रोत्साहनाचे नाते सहन करण्याशी कशाला जोडायचे? नाते जोडायचे ते दोन्ही अर्थ एकाच धातूने सांभाळले म्हणून. समोरचा जोर अंगावर घेऊनही न हटणे ही मात करण्याची पहिली पायरी आहे, आणि भाषेला हे दोन वेगळे धातू करण्याची गरज वाटली नाही. नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव मानला आहे, तोही उसळून विझणारा नव्हे, टिकून राहणारा म्हणून. ‘धीर’ तर सगळ्यांच्या तोंडचा शब्द. संस्कृतात धी म्हणजे बुद्धी यावरून आलेला एक धीर आहे आणि धृ म्हणजे धरणे यावरून आलेला दुसरा. मराठीने दुसरा जवळ केला. म्हणून आपल्याकडे धीर धरतात, देतात, तो सुटतो, खचतो, निघत नाही. धृ चीच आधार, धैर्य, धारणा ही भावंडे. ‘उभारी’चे नाते उभे राहण्याशी आहे, उभा हा शब्द ऊर्ध्व, त्यावरून प्राकृत उब्भ, असा आला. गुढी उभारतात, मांडव उभारतात, आणि दुष्काळाने बसलेल्या गावाला उभारी येते. यातला एकही शब्द कौतुकाचा नाही, हे ध्यानात घ्यावे.

कौतुकाचे शब्द वेगळे आहेत. ‘शाबास’ हा फारसीतल्या ‘शाद बाश’चा मराठी अवतार, मूळ अर्थ ‘आनंदी राहा’. ‘बक्षीस’ फारसी, ‘इनाम’ अरबी. दरबारच्या रीतीत हे शब्द वाढले आणि दरबाराची रचना त्यांनी अजून सोडलेली नाही: देणारा वर बसलेला, घेणारा पुढे वाकलेला, आणि काम आधीच पार पडलेले. म्हणून ते वाईट ठरत नाहीत. पाठीवर पडलेली शाबासकीची थाप ज्याला कधीच मिळाली नाही, त्याचे बालपण कुठेतरी उपाशी राहिलेले असते. पण तिचे काम वेगळे आहे, आणि हा भेद संस्कृत विरुद्ध फारसी असा मुळीच नाही. ‘हिंमत’ अरबीतून आली. तिथे तिचा अर्थ मनाचा निर्धार, ध्येयाकडे लागलेली ओढ. आणि मराठीत ती सरळ धीराच्या पंगतीत जाऊन बसली. हिंमत धरता येते, बांधता येते, खचते. शाबासकी धरता येत नाही; ती मिळते आणि तिथेच तिचे काम संपते. उत्तेजन आणि प्रोत्साहनही ‘मिळते’ हे खरे, पण त्यांना नेहमी एखाद्या कामाची जोड लागते: लेखनाला उत्तेजन, शेतीला उत्तेजन, खेळाला प्रोत्साहन. शाबासकी माणसाला, उत्तेजन त्याच्या हातातल्या अपुऱ्या कामाला, हा फरक मराठी वापराने पाळलेला आहे.

इथे जाणकार वाचक अडवील आणि त्याने अडवावेच. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘कुशल’ म्हणजे कुश नावाचे गवत कापण्यात तरबेज, ‘प्रवीण’ म्हणजे वीणा वाजवण्यात चांगला; पण कुशल शल्यविशारदाचा गवताशी आणि प्रवीण सुताराचा वीणेशी काय संबंध? साहित्यशास्त्रकारांनीच रूढ लक्षणेची उदाहरणे म्हणून हे शब्द वापरले आहेत: मूळ अर्थ मेला, रूढ अर्थ तेवढा उरला. शब्दाच्या मुळावरून माणसांना उपदेश करणे हा भाबडेपणा ठरू शकतो. खानदेशाला हा धोका परका नाही, कारण मराठी व्युत्पत्तीचे मोठे काम या मातीत झाले. वि. का. राजवाडे यांचा मृत्यू 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात झाला. पाठोपाठ त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. आणि त्यांच्या मराठी धातुकोशाचे टिपण कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादित केले, ते या मंडळाने 1937 मध्ये छापले. राजवाड्यांची झेप अफाट, आणि काही ठिकाणी ती पुराव्याच्या पुढे गेली हेही मान्य केले पाहिजे. कुलकर्णी त्या मानाने सावध; त्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 चा, आणि 1952 मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. एका गिरणीच्या गावाने शब्दांची मुळे खणणाऱ्या माणसाला अध्यक्ष म्हणून बोलावले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आक्षेपाला माझे उत्तर असे: व्युत्पत्ती पुरावा नसते, ती विचारायचा प्रश्न देते. मूळ अर्थ वापरात जिवंत आहे की नाही हे वापरातच तपासावे लागते. कुशलमधले गवत गेले, कारण आपण त्याच्या आधाराने कोणतेच वाक्य बोलत नाही. धीरातले ‘धरणे’ मात्र रोज बोलले जाते, आणि ‘उत्तेजनार्थ’मधली पुढे पाहण्याची सूचना दरवर्षी हजारो प्रमाणपत्रांवर छापली जाते. आणि त्याहून मोठा पुरावा लोकांनी या शब्दांच्या नावाने काय उभारले हा आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या संस्थांची नावे चाळली तर ‘उत्तेजक’ हे पद वारंवार भेटते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तो पैसा मराठीत नवे ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे वळावा, ही मागणी पुण्यातल्या तरुणांनी केली, आणि 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली. हा बदल साधा नव्हता. दक्षिणा झालेल्या विद्येला मिळे. कमिटीचे बक्षीस अजून न झालेल्या साहित्याला जागे करण्यासाठी होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1894 मध्ये उभी राहिलेली भाषांतराची संस्था पुढे महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था या नावाने चालली. व्यापारोत्तेजक, वक्तृत्वोत्तेजक, नाटक उत्तेजक अशी नावे त्या काळी पुण्या-मुंबईत सहज सुचत. ती माणसे भाबडी नव्हती. मराठीत गद्य तुटपुंजे आहे, कारखाने नाहीत, सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही, हे त्यांना ठाऊक होते. जे नीट जमलेले नाही त्याला शाबासकी देता येत नाही. उत्तेजन देता येते. म्हणूनच त्यांनी तो शब्द उचलला.

पण इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्याहून जड आहे. धार कोणाच्या विळ्याला लावायची हे ठरवणार कोण? जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. शूद्र शेतकऱ्याची फसवणूक आणि शिक्षणाने त्याचे उघडणारे डोळे हा त्या नाटकाचा विषय. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या विरोधामुळे ते नाकारले गेले, असे फुल्यांनी पुढे लिहून ठेवले. त्याच फुल्यांचा सरकारने 1852 मध्ये विश्रामबागवाड्यात शालजोडी देऊन सत्कार केला होता. सत्कार मिळाला तो शाळा काढल्याबद्दल, म्हणजे झालेल्या कामाबद्दल. नव्या कामाची वेळ आली तेव्हा उत्तेजनाच्या संस्थेचे दार बंद होते. 1885 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली तेव्हा आलेले निमंत्रण फुल्यांनी पत्राने नाकारले, त्यामागे हा सगळा अनुभव होता. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरात 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन ही दोन्ही एकाच वेळी भरली, त्यालाही हीच जुनी पार्श्वभूमी आहे. या आक्षेपाला मी वळसा घालणार नाही. उत्तेजन देणाऱ्याच्या हातात सत्ता असते आणि सत्ता आपल्यासारख्यांना आधी ओळखते. मात्र या आक्षेपाने शब्दाचा अर्थ खोडला जात नाही. उलट त्या संस्थेने आपल्याच नावाला जागायला हवे होते, हे त्यातून ठरते. ज्याला अजून मान्यता नाही त्याच्या कामाला धार आणणे हेच उत्तेजन असेल, तर 1855 चे ते नाटक त्याचे पहिले हक्कदार होते.

अमळनेर इथे महत्त्वाचे ठरते ते दोन माणसांमुळे. पहिले प्रतापशेठ. बोरी नदीकाठच्या, सखाराम महाराजांच्या वाडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्यांनी कापडगिरणी चालवली, शाळेला हात दिला, पुढे 1945 मध्ये निघालेले कॉलेजही त्यांच्याच नावाचे. पण त्यांच्या दातृत्वातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट म्हणजे 1916 चे तत्त्वज्ञान मंदिर. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणांना तिथे राहण्याची सोय आणि छात्रवृत्ती मिळे. वाचा, विचार करा, लिहा, एवढीच अट. जी. आर. मलकानी यांनी संचालक म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा आधुनिक भारतातला अव्वल तत्त्वचिंतक 1930 च्या दशकात तिथे येऊन राहिला. आणि 1925 पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक या तालुक्याच्या गावातून निघून देशभरच्या तत्त्वज्ञांपर्यंत जाऊ लागले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात वेदान्तासाठी पगार देण्याची ही कल्पना अनेकांना चैन वाटली असेल. मला ती उत्तेजनाची चोख व्याख्या वाटते. निकालाचा आग्रह न धरता माणसाच्या अपुऱ्या विचाराला वेळ, जागा आणि सोबत पुरवली. उत्तेजन ही फक्त गोड बोलण्याची गोष्ट आहे, पैशाचा तिच्याशी संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांना हे मंदिर उत्तर देते. धीर धरायला पोटात अन्न लागते.

याच मंदिरात काही काळ शिकायला आलेला एक तरुण 1924 मध्ये ते सोडून शेजारच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने. ‘गुरुजी’ ही ओळख त्यांना इथेच मिळाली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहत. मुलांची अंथरुणे नीट करणे, खोल्या आवरणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे या गोष्टी सर्वांना माहीत आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यापेक्षा मला त्यांचे ‘छात्रालय दैनिक’ अधिक सांगण्यासारखे वाटते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. एका छात्रालयापुरते, एका प्रतीचे वर्तमानपत्र. त्यात जगाच्या बातम्या असत, थोरांची चरित्रे असत, वाङ्मय असे, आणि छात्रालयातल्या जगण्यावरही मजकूर असे. दिवसभर वर्गात शिकवल्यावर पुढच्या दिवसाचा अंक तयार करायचा, आणि हे रोज. त्या मुलांची वये, त्यांची बोली, घरातल्या पुस्तकांचा दुष्काळ हे सारे लक्षात घेतले म्हणजे या कष्टाचे वजन कळते. खेड्यातल्या पोराला ‘तू हुशार आहेस’ असे सांगणे सोपे असते आणि त्याचा परिणाम संध्याकाळपर्यंत टिकतो. रोज सकाळी त्याच्यापुढे काहीतरी वाचण्याजोगे ठेवणे, तो त्या योग्यतेचा आहे असे गृहीत धरूनच ठेवणे, याने त्याला धार येते. पुढे गुरुजींनी एका कादंबरीला ‘धडपडणारी मुले’ असे नाव दिले. ज्यांना उत्तेजन द्यायचे ती मुले कशी असतात हे त्या नावाने अचूक सांगितले आहे: पडत असतात आणि तरी हात मारत असतात.

साने गुरुजी हळवे होते, रडत होते, असे म्हणून त्यांचा दाखला बाजूला सारण्याची एक रीत आहे. मायेने मुले मऊ होतात, कणखर होत नाहीत, हा त्यामागचा समज. पण हळवेपणा आणि सैलपणा एक नव्हे. 1930 मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि स्वतः तुरुंगात गेले. उत्तेजन आणि चिथावणी यांतला फरक इथे लख्ख दिसतो. चिथावणी देणारा दुसऱ्याला पुढे ढकलतो आणि परिणाम त्याला एकट्याला सोसायला लावतो. उत्तेजन देणारा सोसण्यात सामील असतो. शब्दाच्या मुळातली तितिक्षा फक्त घेणाऱ्याची नसते. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये, 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली. ती शब्दशः टिपून घेणारा हात साने गुरुजींचा होता. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणातून आला. उत्तेजन वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडेच वाहते हा समज इथे मोडतो. एकाग्र होऊन ऐकणारा, आणि ऐकलेले हरवू न देणारा, बोलणाऱ्याच्या कामाला आधारच देत असतो; टिपून ठेवणे हेही धरणेच आहे.

याच अंगाने खानदेशातले दुसरे उदाहरण अधिक बोलके आणि अधिक दुखरे आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, घरकामात त्या गाणी रचत आणि ती म्हटली तशी हवेत विरत. मुलगा सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी जमली तेवढी लिहून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडल्यावर त्यांनी ती छापायचा आग्रह धरला आणि 1952 मध्ये, अमळनेरच्या संमेलनाच्याच वर्षी, त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राची शाबासकी अशी भरभरून आली, पण ती घ्यायला त्या नव्हत्या. शाबासकीचे हेच दुबळेपण आहे: ती काम संपण्याची आणि जगाला कळण्याची वाट पाहते. घरातल्या दोघांनी कागद पुढे ओढून ओळी उतरवल्या, तेव्हा त्या ओळींचे पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. मोठ्या प्रस्तावनेच्या आधीचे हे छोटे काम नसते, तर प्रस्तावना लिहायला काहीच उरले नसते.

आजच्या वापराकडे पाहिले की या शब्दांचे काय होत आहे याची काळजी वाटते. ‘उत्तेजक’ म्हटले की खेळाडूंच्या तपासणीत सापडणारी द्रव्ये आठवतात, ‘उत्तेजित’ म्हटले की ताबा सुटलेला जमाव. ‘ग्रंथोत्तेजक’ हे नाव नव्या पिढीला चमत्कारिक वाटते. त्याची जागा प्रोत्साहनाने घेतली, आणि प्रोत्साहनाला सरकारी भाषेने पैशाचा अर्थ चिकटवला. उद्योगांसाठी महाराष्ट्रात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. पीककर्ज नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांना 50 हजार रुपयांपर्यंत ‘प्रोत्साहनपर लाभ’ देण्याचा निर्णय झाला. प्रामाणिकपणे कर्ज फेडणाऱ्याची कदर झालीच पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण अट पुरी केल्यावर मिळते ते बक्षीस. ज्याचे कापसाचे पीक बोंडअळीने नेले आणि म्हणून हप्ता थकला, त्याला उभे राहण्यासाठी जे लागते ते प्रोत्साहन, आणि तो या यादीत नाही. शब्द जागचा हलला की त्याने दाखवलेला माणूसही नजरेआड होतो. यावर कोणी म्हणेल की भाषा बदलतेच, लोक वापरतील तो अर्थ. तुम्ही जुना अर्थ लादू नका. लादता येतही नाही. मात्र लोकांनी तो टाकलेला नाही. बाळंतिणीला, परीक्षेला बसलेल्या पोराला, पीक गेलेल्या शेजाऱ्याला आपण अजून धीरच देतो. बदल झाला आहे तो कागदावरच्या भाषेत, आणि कागदावरची भाषा लिहिणाऱ्याच्या हातात असते.

म्हणून या पानांच्या वाचकांत जे शिक्षक असतील, स्पर्धांचे परीक्षक असतील, ग्रंथालयांचे आणि मंडळांचे कार्यकर्ते असतील त्यांना माझी विनंती आहे. निकाल लावताना ‘उत्तेजनार्थ’ हे चौथ्या क्रमांकाचे दुसरे नाव म्हणून वापरू नका. ते अशा मुलाला द्या की ज्याचे काम अपुरे आहे पण त्यात धार येण्याजोगे काही आहे. प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा: भाषणात काय चांगले होते, कुठे अडखळले, पुढे काय वाचावे. पुढच्या वर्षी त्याला नाव घेऊन बोलवा. आणि ज्यांची नावे यादीत कधीच येत नाहीत, त्या मुलांच्या वह्या एकदा मागून घ्या आणि वाचा.